निरोपासाठी अनुदान

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची शुभांगी परदेशातल्या पोरांना पैसे वाटते. घरबसल्या." त्यात कौतुक किती आणि काळजी किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण माझ्या नोकरीचं याहून नेमकं वर्णन मलाही कधी जमलं नाही.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी एका आंतरराष्ट्रीय मानवतावादी संस्थेत लागले. संस्थेचा तरुणांच्या गटांसाठी एक निधी होता. आशिया आणि आफ्रिकेतून येणारे अर्ज वाचायचे, त्या मुलांशी बोलायचं, कोणाला अनुदान द्यावं ते सुचवायचं आणि दिल्यावर काम होतंय का बघायचं, हे माझं काम. मुख्य कार्यालय युरोपात, तिथे माझी वरिष्ठ इन्ग्रिड. इथे बोरीवलीत मी, बेडरूममधलं टेबल आणि खिडकीखाली उभा राहणारा भाजीवाला. मीटिंगमध्ये माइक बंद करायला विसरले की तीन खंडांतल्या लोकांना मेथीचा भाव कळायचा.

मानवतावादी म्हणजे काय, हे मला लग्नाकार्यात नेहमी विचारलं जायचं. मी सांगायचे, चांगलं वागायला देवाची भीती लागते असं न मानणारी माणसं. माणसांचे प्रश्न माणसांनीच डोकं वापरून, एकमेकांना धरून सोडवायचे, एवढंच त्यांचं म्हणणं. यावर समोरची बाई म्हणायची, "म्हणजे देव मानत नाहीत." मी म्हणायचे, "बहुतेक जण नाही मानत." मग ती माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघायची आणि विषय साड्यांवर जायचा.

अनुदान म्हणजे कर्ज नव्हे. ते परत मागायचं नसतं, त्यामुळे द्यायचं कोणाला हे ठरवणं जास्त अवघड. बँकेत मी माणसाची पत बघायचे. इथे पत नावाची गोष्टच नव्हती. विशीतली चार पोरं, बसायला जागा नाही, आणि निम्म्यांच्या घरी ती काय करतात याचा पत्ता नाही. सफाईदार इंग्रजीतल्या अर्जांना मी जरा लांबच ठेवायचे. मी प्रत्येक गटाला एक प्रश्न विचारायचे: आम्ही पैसे दिले नाहीत तर काय कराल? "मग काय, नाही होणार," असं उत्तर आलं की मी सावध व्हायचे. "तरी करू, पण हळूहळू करू," म्हणणाऱ्यांना मी कधी विसरले नाही.

मागण्या कसल्या कसल्या यायच्या. फिलिपिन्समधल्या एका बेटावरच्या गटाला विवेकवादावर चर्चा घ्यायच्या होत्या आणि त्यासाठी हवं होतं कराओकेचं मशीन. मी विचारलं, चर्चेला गाण्याचं मशीन कशाला? त्यांचा म्होरक्या शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्याशिवाय आमच्याकडे कोण येणार?" मी शिफारस केली. इन्ग्रिडने मला दोनदा विचारलं, खरंच? पुढे त्यांनी पाठवलेल्या फोटोंत गावातल्या आज्याही बसलेल्या दिसल्या. चर्चा किती झाली ते माहीत नाही, पण आज्या येत राहिल्या.

काही गट मात्र गप्प झाले. एका देशातल्या दोन मुली माझ्याशी दर महिन्याला बोलायच्या. देशाचं नाव इथे लिहीत नाही. एक दिवस त्यांचा फोन लागेना, मग कधीच लागला नाही. त्या धास्तावून थांबल्या, की लग्नं होऊन कुठे गेल्या, की आणखी काही झालं, ते आम्हाला शोधताही येईना, कारण शोधण्यानेच त्या अडचणीत आल्या असत्या. या नोकरीने मला दिलेली ही एकच गोष्ट मी खाली ठेवू शकलेले नाही.

पण आज मला ग्रेसबद्दल लिहायचं आहे.

ग्रेस केनियातली, एका मोठ्या सरोवराकाठच्या शहरातली. पहिल्यांदा व्हिडिओवर भेटली तेव्हा नेटवर्क मिळावं म्हणून ती रस्त्यात एका टपरीच्या बाकावर बसली होती. पहिलंच वाक्य, "माझं नाव ग्रेस, म्हणजे देवाची कृपा. आईवडिलांनी ठेवलं, माझा इलाज नाही." तिच्या गटाला मुलामुलींना धर्मगुरूशिवाय अंत्यनिरोपाचे कार्यक्रम घ्यायला शिकवायचं होतं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

मग तिने सांगितलं. त्यांच्या गटातला एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. घरच्यांनी रीतीप्रमाणे धर्मगुरू बोलावला. "तो माणूस आमच्या मित्राला कधी भेटलाही नव्हता," ग्रेस म्हणाली. "वाट चुकलेल्या पोरांचं काय होतं, यावरच बोलत राहिला. आमचा मित्र रेडिओ दुरुस्त करायचा. एवढा लाजरा होता की हसताना तोंडावर हात धरायचा. त्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. त्याची आई मान खाली घालून ऐकत होती. तेव्हा आम्ही ठरवलं, हे आपण शिकायचं."

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "माणसं काय, मरतच राहणार. आम्ही करतच राहू. पैसे मिळाले तर जरा नीट करू."

समितीला हे पटेना. निधी तरुणांचा, त्यांनी वादविवाद घ्यावेत, शिबिरं घ्यावीत, अंत्यविधी हा काय तरुणांचा विषय आहे का, असं एकजण म्हणाला. मी म्हटलं, "तरुणांचे मित्र मरत नाहीत का? आईवडील मरत नाहीत?" मीटिंगमध्ये मी असं फटकन बोलत नसे. इन्ग्रिडने अर्ज पुन्हा उघडला. मग म्हणाली, "एक वर्ष देऊन बघू." त्या एका वर्षात ग्रेसच्या गटाला आसपासच्या गावांतून बोलावणी यायला लागली आणि मध्येच कोणीतरी त्यांच्याकडून एक लग्नही लावून घेतलं.

पुढे आमच्या सगळ्या गटांचा मेळावा भारतात घ्यायचं ठरलं आणि मी इथे म्हणून तो बोरीवलीत. नॅशनल पार्कच्या बाजूला एक हॉल आणि खोल्या घेतल्या. मुलांची तिकिटं झाली, व्हिसा झाले आणि आठवड्यावर मेळावा आला असताना हॉलवाल्याचा फोन आला. "मॅडम, तुमचे लोक देवाच्या विरुद्ध आहेत म्हणे. आमच्याकडे नको लफडं." मी समजावलं. तो म्हणाला, "पैसे परत करतो ना." म्हणजे आमची पुरती वाट लागली. मोसम लग्नाचा, दुसरा हॉल मिळेना.

आमच्या सोसायटीला खाली हॉल आहे. चेअरमन जयंतीभाई कपड्याचे व्यापारी, सकाळी पूजा झाल्याशिवाय चहा न पिणारे. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शुभांगीबेन, हॉल देऊ. तुम्ही फक्त 'युथ प्रोग्राम' लिहा ना. बाकी कशाला बोलायचं? कोण विचारतंय?"

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. मीही हो म्हणायच्या बेतात होते. पण येणाऱ्या मुलांतली निम्मी आपापल्या घरी हेच करत होती, तोंड मिटून. त्यांना इथे बोलवून मी पुन्हा तेच करायला सांगणार होते. मी म्हटलं, "जयंतीभाई, मीटिंग बोलवा. मी सगळ्यांना सांगते. नंतर नाही म्हणालात तर नाही."

मीटिंगला गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीपेक्षा जास्त माणसं आली. मी उभी राहून सरळ सांगितलं, ही मुलं कोण आहेत, काय मानतात, काय करतात.

"दारूबिरू?" एकाने विचारलं.

"नाही."

"नॉनव्हेज?"

"माझ्या घरी. हॉलमध्ये नाही."

"आमच्या पोरांना नास्तिक करून जातील ना?"

"इतकी वर्षं हे काम माझ्या घरातून चाललंय," मी म्हटलं. "सासूबाईंचा एक तरी उपास चुकला का, विचारा त्यांना."

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या म्हणाल्या, "उलट वाढलेत." सगळे हसले. तरी निर्णय होईना. तेव्हा मागून कुंदाताई राणे म्हणाल्या, "द्या ना हॉल. बंद पडून जाळी धरलीय त्याला. आणि खोल्या नसतील तर एखादी मुलगी मी ठेवून घेते. मी एकटीच तर आहे."

कुंदाताई आमच्याच मजल्यावरच्या. त्यांचे यजमान वसंतराव बसमध्ये कंडक्टर होते. आदल्या वर्षी गेले होते. कुंदाताई कधी मीटिंगला बोलत नसत, म्हणूनच बहुधा सगळ्यांनी ऐकलं. एकाने एक मुलगा घेतला, दुसऱ्याने दोन. जयंतीभाईंनी तर चार घेतले, शाकाहाराच्या अटीवर. अट आणखी एक होती. शेवटच्या दिवशी सोसायटीतल्या कोणालाही येऊन बसता यायला हवं, लपूनछपून काही नको. मला हीच अट हवी होती.

ग्रेसला मी कुंदाताईंकडे ठेवलं. कुंदाताईंचं हिंदी मालवणी वळणाचं, ग्रेसला ते शून्य, आणि इंग्रजीत कुंदाताईंची गाडी 'गुड मॉर्निंग'पाशी थांबलेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर ग्रेस ओट्याशी उभी राहून नारळ खवत होती आणि दोघींचं काहीतरी चाललं होतं.

ती आंघोळीला गेल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "शुभा, ती यांच्या फोटोकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होती. मला वाटतं, यांना निरोप कसा दिला, असं विचारत होती. मला सांगताच येईना. आणि ते भाषेमुळे नाही गं."

मग त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. वसंतरावांनी देहदान केलं होतं. कसलेच विधी नकोत, असं बजावून ठेवलं होतं. कुंदाताईंनी त्याप्रमाणे केलं. मेडिकल कॉलेजची गाडी आली, माणसं सभ्य होती, त्यांनी सह्या घेतल्या आणि वसंतरावांना घेऊन गेली. "जिन्यावरून उतरले आणि संपलं," कुंदाताई म्हणाल्या. "ना स्मशान, ना दहावं, ना तेरावं. लोक भेटायला यायचे आणि कधी यायचं हेच त्यांना कळायचं नाही. मी यांचा शब्द पाळला, त्याचं मला दुःख नाही. पण माणूस गेल्यासारखं काही झालंच नाही." त्यांचे धाकटे दीर शांताराम कणकवलीहून रात्रभर प्रवास करून आले तेव्हा गाडी निघून गेली होती. भावाला खांदाही देता आला नाही म्हणून ते दारातूनच परत गेले. त्यानंतर फोन नाही, गणपतीचं बोलावणं नाही.

मग त्या म्हणाल्या, "या पोरीचं तेच काम आहे ना? विचार तिला, एवढ्या उशिरा चालतं का."

ग्रेस म्हणाली, "उशिरा म्हणजे काय?"

पुढचे दोन दिवस मेळाव्यातून सुट्टी झाली की ग्रेस कुंदाताईंसमोर बसायची आणि मी मध्ये दुभाषी. मला वाटलं होतं, ती जन्म, शिक्षण, नोकरी असं विचारेल. तिने विचारलं, "त्यांना राग कशाचा यायचा?"

"सुट्टे न देणाऱ्यांचा," कुंदाताई लगेच म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

"झोपेत बोलायचे का?"

"स्टॉपची नावं घ्यायचे. मी हलवून सांगायची, उतरा आता, डेपो आला."

असं करत करत कुंदाताई खुलल्या. मी त्यांच्या शेजारी वीस-पंचवीस वर्षं राहिले, पण वसंतरावांना पावसात बायकांना चिखलातून चालावं लागू नये म्हणून ड्रायव्हरला बस पुढे नेऊन थांबवायला लावायची सवय होती, हे मला तेव्हा कळलं. शेवटी ग्रेसने विचारलं, "कोण आलंच पाहिजे?" कुंदाताईंनी फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, "भावजी. पण ते यायचे नाहीत." ग्रेसने टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवला. कुंदाताईंनी लावला. पलीकडून "बघतंय" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला.

शेवटच्या दिवशी दुपारी हॉल भरला. आमची मुलं, सोसायटीची माणसं, वसंतरावांचे डेपोतले दोन-तीन सोबती. ग्रेसने सुरुवात केली, मी मराठीत सांगत गेले. तिने वसंतरावांबद्दल एकही मोठा शब्द वापरला नाही. चिखल, बस, सुट्टे, झोपेतले स्टॉप एवढंच सांगितलं. डेपोतला एक सोबती उठून त्यांची स्टॉप पुकारायची हाळी हुबेहूब घालून दाखवू लागला आणि आमच्या नेपाळच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. जयंतीभाई म्हणाले, "कॅरममध्ये मी वसंतभाईला कायम हरवायचो. काल कुंदाबेननी सांगितलं, तो मुद्दाम हरायचा. आता मी कोणाकडे भांडायला जाऊ?"

तेवढ्यात मला दाराशी एक उंच, वाकलेला माणूस दिसला. हातात पिशवी, पायात धुळीच्या चपला. कुंदाताई उभ्या राहिल्या. शांताराम आत येऊन शेवटच्या खुर्चीवर बसले आणि सगळं ऐकत राहिले. कोणाला आणखी बोलायचंय का, असं मी विचारलं तेव्हा ते उठले.

"माका भाषणा जमणत नाय," ते म्हणाले. "गावाक आमी गाऱ्हाणा घालतो. घालू काय?"

मेळाव्यासाठी आलेली इन्ग्रिड माझ्या बाजूला होती. तिने विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं, कोकणात देवासमोर उभं राहून मनातलं मोठ्याने सांगतात, मागतात, आणि जमलेली माणसं होकार देतात, ते त्यांना करायचंय. इन्ग्रिडचा चेहरा अवघडला. ती हळूच म्हणाली, "शुभांगी, हा आपला कार्यक्रम आहे. इथे प्रार्थना?" ग्रेसने ते ऐकलं. "कार्यक्रम आपला नाही," ती म्हणाली. "कुंदाचा आहे. तिला विचारा."

मी कुंदाताईंकडे वळले. त्यांना विचारायचीही गरज पडली नाही. त्या दिराकडे बघून म्हणाल्या, "घाला भावजी. पण यांनी जन्मभर देवाकडे काही मागितलं नाही. तुम्ही देवाशी नको, यांच्याशीच बोला."

शांताराम जरा घोटाळले. मग पिशवी खुर्चीवर ठेवून त्यांनी हात जोडले, भावाच्या फोटोकडे बघितलं.

"बा दादा महाराजा, तू आता खंय आसस, ता माका ठावक नाय."

 होकार द्यायचा हे कोणाला माहीत असणार? मग कुंदाताईंचाच आवाज आला, "व्हय महाराजा."

"तुका खांदो देवक मिळाक नाय म्हणान मी रागावलंय. वर्सभर वैनीक फोन करूक नाय."

"व्हय महाराजा," आता डेपोतले सोबती, आमच्या मजल्यावरचे परब, सावंत सगळे मिळाले.

"ल्हान असताना तू माका खांद्यार बसवन व्हाळाचा पाणी पार करून शाळेत व्हरलंस. तुझो खांदो दुखलो आसतलो. तू कधी बोलाक नाय."

"व्हय महाराजा." या वेळी नेपाळची पोरं होती, फिलिपिन्सचा कराओकेवाला होता आणि जयंतीभाईही होते.

"आता ह्या वैनीक आमी एकटी सोडूचव नाय. हो शब्द तुझ्यासमोर देतंय."

"व्हय महाराजा," इन्ग्रिड म्हणाली. उच्चार चुकला होता, पण आवाज सगळ्यांत मोठा होता.

कुंदाताई रडल्या. पण रडून झाल्यावर त्यांनी जो श्वास सोडला, तो मी शेजारी बसून ऐकला. नंतर त्या सगळ्यांना हाताने चहा देत फिरत होत्या आणि जो तो त्यांना वसंतरावांची काहीतरी गोष्ट सांगत होता.

दुसऱ्या दिवशी शांताराम निघाले तेव्हा आम्ही सगळे रिक्षापर्यंत गेलो. रिक्षात बसता बसता ते वळले. "वैनी, झाला ता बरा झाला. पण माझ्या टायमाक मात्र भटजी व्हयो. सगळा रीतसर. आताच सांगान ठेवतंय."

"आणीन," कुंदाताई म्हणाल्या. "पण घाई करू नका."

मी निवृत्त होताना इन्ग्रिडने मला विचारलं होतं, इतक्या अनुदानांतलं कुठलं सर्वांत जास्त कामी आलं? मी ग्रेसचं नाव घेतलं. ती म्हणाली, "पण ते पैसे तर केनियाला गेले होते." मी म्हटलं, "हो ना."

गेल्या मे महिन्यात कुंदाताई कणकवलीला गेल्या, पंधरा दिवसांसाठी म्हणून. महिना झाला तरी पत्ता नाही. मी फोन केला तर धापा टाकत म्हणाल्या, "अगं, आंबे उतरवायला माणूस मिळत नाहीये. भावजी शिडीवर आणि मी खाली. तू कधी येतेस?" मी काही बोलणार एवढ्यात वरून, झाडातून आवाज आला, "वैनी, फोन ठेवा आणि टोपली धरा."

त्यांनी फोन ठेवला.